फेरारी ३६० : चिकट झालेली बटणं आणि झिजलेलं लेदर, सुरुवात कुठून करावी?

बायू_सिटी

नमस्कार मंडळी. गाडी २००१ची फेरारी ३६० मोडेना, ह्यूस्टनमध्ये असते. इंजिन आणि गिअरबॉक्सची काही तक्रार नाही, प्रश्न सगळा आतल्या भागाचा आहे.

प्लास्टिक: एसीच्या गोल जाळ्या, मधली बटणं, रेडिओभोवतीची चौकट आणि स्टीअरिंग कॉलमचं आवरण काकवीसारखं चिकट झालंय. बोट टेकवलं की ठसा उमटतो, नख लागलं तर काळा लगदा निघतो. दोन बटणांवरची चिन्हं अर्धी गेलीत.

लेदर: टॅन रंगाचं. ड्रायव्हर सीटच्या दाराकडच्या बोल्स्टरवर (कडेच्या फुगीर भागावर) तळहाताएवढ्या भागातला रंग उडालाय, तिथे बारीक भेगा आहेत. एक भेग दीड इंचाची, तिच्यात नख जातं. स्टीअरिंगचा वरचा अर्धा भाग काळपट आणि चकचकीत. डॅशबोर्डचं लेदर काचेच्या बाजूला आक्रसून कडेला उचललंय.

आतापर्यंत ओल्या फडक्यापलीकडे काही लावलेलं नाही. चिकटपणा कशाने काढावा, खालचं प्लास्टिक खराब होणार नाही ना, आणि लेदर घरी करण्यासारखं आहे की सरळ नवं चढवून घ्यावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

रेझिन

फक्त ओलं फडकं लावलंत हे उत्तम केलंत. बहुतेक जण आधी सिलिकॉनचं पॉलिश फासतात आणि पुढचं काम दुप्पट करून ठेवतात.

चिकट झालंय ते प्लास्टिक नव्हे, त्याच्यावरचा लेप. नव्वदच्या दशकात आणि २०००नंतरची काही वर्षं हाताला मऊ लागावं म्हणून कठीण प्लास्टिकवर पॉलियुरेथेनचा मऊ रंग मारायची पद्धत होती. इटालियन गाड्यांत तर फारच. या पॉलियुरेथेनमधला मऊ भाग बरेचदा पॉलिएस्टरचा असतो. हवेतलं पाणी त्यातले एस्टर बंध तोडतं. बंध तुटला की आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचे बंध तुटायला मदत करतं, म्हणून एकदा सुरुवात झाली की वेग वाढतच जातो. ऊन, दमट हवा, हाताचं तेल आणि सनस्क्रीन या सगळ्यांनी भर पडते. ह्यूस्टनमध्ये यातलं काहीच कमी नाही.

तुटलेले बंध परत जुळत नाहीत. टाल्कम पावडर मारून दोन दिवस बरं वाटतं, मग तिचाच लगदा होतो. चिकट थरावर नवा रंग मारला तर तो खालून सरकतो आणि सुरकुततो. थर पूर्ण काढणं हा एकच उपाय आहे. आणखी एक: वर्षानुवर्षं गोदामात पडलेला जुना 'नवा' सुटा भाग महाग किमतीला घेऊ नका. लेप तोच असेल तर खोक्यातसुद्धा हवा लागतेच.

काढायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. सगळ्या भागांना मिळून एक लिटर पुरतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको: लेप सावकाश सुटतो आणि उरलेलं पाणी स्विचच्या आत जातं. काम भाग गाडीतून बाहेर काढूनच करा. बॅटरी हँडबुकातल्या क्रमाने सोडवा, क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने उचका. स्क्रूड्रायव्हरने उचकलंत की शेजारच्या लेदरवर व्रण पडलाच समजा.

टिश्यू पेपर अल्कोहोलमध्ये भिजवून भागावर लपेटा, वरून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा, दहा मिनिटं थांबा. लेप फुगून साय आल्यासारखा सैल होतो. मग मायक्रोफायबरने एकाच दिशेने पुसा आणि फडक्याची घडी सतत बदला, नाहीतर निघालेला लगदा तुम्ही परत तिथेच सारवत बसाल. जुनी फडकी पंचवीस-तीस लागतात, हातमोजे नायट्राइलचे. कोपऱ्यांत नायलॉनचा जुना टूथब्रश, जाळीच्या पात्यांमध्ये कापूसबड. दोनदा-तीनदा करावं लागतं. शेवटी कोरड्या बोटाने दाबून बघा: बोट जराही अडकत असेल तर थर अजून शिल्लक आहे.

अॅसिटोन, एनसी थिनर, ब्रेक क्लीनर अजिबात नको. यातलं बहुतेक प्लास्टिक एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट-एबीएस असतं. अॅसिटोनने त्याचा पृष्ठभाग क्षणात विरघळतो आणि पोत जातो. तो परत आणता येत नाही. पांढरा मेलामाइन स्पंजही टाळा, तो घासून पोताची टोकं चकचकीत करतो.

अल्कोहोलची वाफ खोलीच्या तापमानाला पेट घेते. गॅरेजमध्ये वॉटर हीटर असेल तर काम अंगणात करा.

बायू_सिटी

फार उपयोगी. एक शंका: बटणांवरची चिन्हं लेपाबरोबर जाणार का? आणि खालचं प्लास्टिक तसंच ठेवलं तर चालेल की रंग हवाच?

रंगकाम

चिन्हांचं आधी तपासा, मग अल्कोहोलची बाटली उघडा. रात्री पार्किंग लाइट लावून बटणं बघा. चिन्ह उजळत नसेल तर ते लेपावर छापलेलं आहे, लेपाबरोबर जाणार. उजळत असेल तर बटण पारदर्शक किंवा पांढऱ्या प्लास्टिकचं असून वर काळा थर आहे आणि चिन्हापुरता तो थर लेझरने काढलेला आहे. अशा बटणाचा काळा थर पुसला गेला की अख्खं बटण दिव्यासारखं उजळतं. तिथे भिजवणं नको. बड जेमतेम ओला करून वरचा चिकट भागच उचला, काळा दिसू लागला की थांबा. जमत नसेल तर ती बटणं लेझर करून देणाऱ्याकडे पाठवा. अमेरिकेत फेरारी-मासेरातीच्या बटणांचं एवढंच काम करणारे लोक आहेत.

छापील चिन्हांसाठी काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक बटण शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करा. त्यावरून पांढऱ्या रंगात घासून चिकटवायचे ट्रान्सफर बनवून मिळतात. क्रम असा: काळा रंग, तो वाळल्यावर ट्रान्सफर, त्यावर मॅट क्लिअर, म्हणजे चकाकी नसलेला पारदर्शक थर. क्लिअरशिवाय ट्रान्सफर महिनाभरही टिकत नाही.

आता रंग हवा का. जिथे हात लागत नाही आणि खालचं प्लास्टिक काळंच आहे, तिथे तसंच ठेवा. माझं स्पष्ट मत आहे की जाळ्या आणि कॉलमचं आवरण बिनरंगाचं चांगलं दिसतं. रंग फक्त बटणांना, आणि खालून राखाडी किंवा डागाळलेलं प्लास्टिक निघालं तर चौकटीला.

भागाच्या पाठीमागे प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं ते वाचा. एबीएस असेल तर अॅडहिजन प्रमोटरची, म्हणजे रंगाला पकड देणाऱ्या द्रवाची, गरज नाही. पॉलिप्रॉपिलीन असेल तर त्याशिवाय रंग सालीसारखा निघेल. नाव दिसत नसेल तर मागून नखाएवढी कपची कापून पाण्यात टाका: पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, एबीएस बुडतं.

पृष्ठभाग राखाडी स्कॉचब्राइटने हलका मारा, अल्कोहोलने पुसा, मग उघड्या हाताने शिवू नका. ट्रिमचा सॅटिन काळा रंग दोन ते तीन उडते, म्हणजे हलक्या फवाऱ्याचे हात, मध्ये दहा मिनिटं. एकच ओला हात मारून झाकायला जाल तर पोत बुजेल. शेवटी दोन घटकांचा म्हणजे हार्डनरवाला मॅट क्लिअर, एक उडता आणि एक पूर्ण. एकाच घटकाचा, हार्डनर नसलेला दिसायला तसाच दिसतो, पण सनस्क्रीन लागलेल्या बोटांनी परत मऊ पडतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येता.

बटणाभोवतीची फट फार थोडी असते. रंगाचे थर चढवत गेलात तर बटण दाबल्यावर आतच अडकतं. म्हणून बटणाच्या बाजू मास्किंग टेपने झाका, रंग फक्त तोंडाला द्या. जाळ्यांचे फिरायचे खुंट तर झाकलेच पाहिजेत.

आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी मास्कने काही होत नाही. ऑरगॅनिक व्हेपर आणि धूळ अशा दोन्ही काडतुसांचा रेस्पिरेटर, तोही उघड्यावर. याची अॅलर्जी एकदा झाली की जन्माची.

उसवण

लेदरचं मी सांगतो. टॅन बोल्स्टर घरी होण्यासारखा आहे, स्टीअरिंगही. डॅशबोर्ड नाही.

सगळ्यात आधी रिकाम्या बोल्स्टरला हाताने दाबा आणि प्रवासी बाजूच्या बोल्स्टरशी तुलना करा. ड्रायव्हरकडचा मऊ लागला, आतली नळी किंवा पत्रा हाताला लागला, तर फोम बसलाय. फोम बसला की लेदरला आधार राहत नाही, प्रत्येक चढ-उताराला ते एकाच ठिकाणी दुमडतं आणि रंग तिथेच फुटतो. अशा ठिकाणी वरून कितीही सुरेख रंग मारा, काही महिन्यांत त्याच रेषेवर भेग परत येते. म्हणून आधी कव्हर त्या बाजूने सोडवून फोमला १० मिलिमीटरचा दाट तुकडा लावा, कडा तिरप्या कापून. आतून कव्हर उघडलंच आहे तर दीड इंचाच्या भेगेला मागून पातळ सुती कापडाचा ठिगळ लवचिक गोंदाने लावून घ्या. ठिगळ भेगेपेक्षा चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर मोठा, कोपरे गोल. चौकोनी कोपरा पुढे वरून उमटतो.

मग सफाई. व्हॅक्यूम, त्यानंतर लेदर क्लीनरचा फेस. फेसच घ्या, पाणी नको. घोड्याच्या केसांच्या ब्रशने हातभर भाग घ्यायचा, घासायचा, लगेच पुसायचा. स्टीअरिंगवरची चकाकी म्हणजे हातांचं तेल आहे. चांगलं लेदर मॅट असतं. स्टीअरिंगला हे तीन-चार वेळा करावं लागेल. फडक्यावर तपकिरी यायचं थांबून टॅन यायला लागलं तर ते लेदरचा रंग आहे, तिथे हात आवरा. कदाचित स्टीअरिंगला एवढंच पुरेल.

बोल्स्टरला पुढचा टप्पा: अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसून घ्या, जुनं मेण आणि तेल निघायला हवं. मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर कोरडाच, हलक्या हाताने, भेगांच्या उभ्या कडा बसेपर्यंत. भेगेच्या तोंडाशी आत वळलेल्या रंगाच्या कडा असतात, त्या गेल्या नाहीत तर फिलर भरल्यावरही रेषा दिसत राहते. धूळ पुसा.

लेदर फिलर भिंतीच्या लांबीसारखा (पुट्टीसारखा) भरतात, पण लांबी एका हातात जाडसर ओढतात तशी इथे ओढायची नाही. पातळ पट्टीने एकेक झिरझिरीत थर, प्रत्येक थर वीस-तीस मिनिटं वाळू द्या. बारीक भेगांना दोन थर, मोठीला पाच-सहाही लागतील. जाड भरलेला वरून वाळतो, आत ओला राहतो आणि नंतर खचतो. शेवटी ८०० नंबर. बोट फिरवल्यावर भेग कळता कामा नये. डोळ्यांवर इथे विसंबू नका.

रंग पाण्यात मिसळणारा पिगमेंटचा, लेदरसाठी बनवलेला. कापडाचा किंवा बुटाचा रंग नको, तो पँटला लागतो. दोन्ही सीटा पूर्ण करायच्या तर २५० मिलिलिटर पुरतो, नुसत्या बोल्स्टरला ५० मिलिलिटर पुष्कळ. टॅनची जुळणी मूळ कारखान्याच्या नमुन्याशी करू नका, कारण शेजारचं लेदर वीस वर्षं उन्हात उतरलंय. त्या शेजारच्या तुकड्याशीच जुळवा. ओला रंग फिका दिसतो, वाळल्यावर गडद होतो, म्हणून प्रत्येक ठिपका हेअर ड्रायरने वाळवून दिवसाच्या उजेडात बघा. गडद करायला काळा घातला तर टॅन मळकट हिरवटपणाकडे झुकतो. आधी तांबडा ऑक्साइड थेंबाथेंबाने, काळा शेवटी, काडीच्या टोकावर.

पहिला हात स्पंजने टिपून, म्हणजे रंग भेगांच्या जागी नीट बसतो. पुढचे तीन-चार हात एअरब्रशने, दीड ते दोन बार दाबावर, प्रत्येक हात ड्रायरने वाळवत. रंग पॅनेलच्या मध्यावर संपवू नका, शिवणीपासून शिवणीपर्यंत घ्या. मध्ये विरवलेला रंग ऊन तिरपं पडलं की उघडा पडतो. वरून पॉलियुरेथेन टॉपकोट, मॅट, तीन पातळ हात. त्यात क्रॉसलिंकर (थर पक्का करणारं द्रव्य) बाटलीवरच्या प्रमाणातच घाला. जास्त घातलं तर थर कडक होऊन फुटतो, कमी घातलं तर जीन्सने घासून उतरतो. चोवीस तास बसू नका, आठवडाभर क्लीनर लावू नका.

जुनं_लेदर

वरचं बाकी सगळं पटलं, पण रंगाच्या आधी लेदरला तेल पाजणं कुणीच सांगितलं नाही. वीस वर्षांचं कातडं कोरडं पडलेलं असणार. तेलकट रिजुव्हिनेटर लावून, प्लास्टिक झाकून, गाडी उन्हात ठेवायची पद्धत अमेरिकेत जुनी आहे आणि तिने मऊपणा येतो.

उसवण

ही पद्धत माहीत आहे. जुन्या, रंगाचा जाड थर नसलेल्या कातड्यांना तिचा उपयोग होतो. ३६०च्या लेदरवर पिगमेंट आणि टॉपकोटचा अखंड थर असतो. न झिजलेल्या जागी पाण्याचा थेंब ठेवून बघा: पाच मिनिटांनी तसाच असेल तर तेलही आत जाणार नाही, नुसतं वर बसून धूळ धरेल. झिजलेल्या जागी मात्र ते शिरतं आणि नेमकं तिथेच आपल्याला फिलर आणि रंग धरायला हवा आहे. तेल प्यायलेल्या भागावरून पाण्याचा रंग पापुद्र्याने सुटतो.

मऊपणाच हवा असेल तर तेल मागच्या, रंग नसलेल्या बाजूने, कव्हर उघडलेलं असताना लावा. अगदी थोडं, दोन दिवस मुरू द्या, आणि भेगेच्या ठिगळापासून दूर.

जुनं_लेदर

मागच्या बाजूने लावायचं पटलं. थेंबाची चाचणी आधी करायला हवीच, तेही मान्य.

बायू_सिटी

थेंब बघितला. गादीच्या मध्यावर तसाच राहिला, बोल्स्टरवर मिनिटभरात मुरून काळा डाग पडला. वाळल्यावर डाग गेला. म्हणजे तेल नको. डॅशबोर्डबद्दल कुणी सांगेल का?

उसवण

डॅशबोर्डचं लेदर काचेखालच्या उष्णतेने वर्षानुवर्षं ओलावा गमावून आक्रसतं, त्याच उष्णतेने खालचा गोंद सैल होतो आणि कडा मागे सरकते. या गाडीत ही तक्रार सर्रास दिसते. कडेला गोंद घालून दाबून बसवायचा मोह आवरा. लेदर आता लांबीला कमी आहे, त्याला ताणून चिकटवलं तर ते दुसऱ्या टोकाने, बहुधा प्रवाशाच्या एअरबॅगच्या झाकणाजवळ, सुटेल.

खरं काम म्हणजे डॅशबोर्ड बाहेर काढणं, लेदर सोडवून मागून ओलसर करून हळूहळू ताणणं, आणि उष्णता सहन करणाऱ्या कॉन्टॅक्ट गोंदाने पुन्हा चढवणं. फार आक्रसलं असेल तर नवं कातडं. एअरबॅगच्या झाकणावर वाफ, हीटगन, गोंद, फिलर, टाके काहीही नको. तिथलं लेदर आणि शिवण ठरलेल्या जागी फाटण्यासाठी केलेली असते. ती घट्ट झाली तर बॅग उशिरा किंवा वाकडी उघडेल. एअरबॅगवर काम केलेल्या ट्रिमरकडेच (गाडीचं लेदर चढवणाऱ्या कारागिराकडेच) द्या, आणि तो झाकणाचं काय करणार हे कामाआधी विचारून घ्या. तोवर काचेला आतून परावर्तक पडदा लावून गाडी उभी करा, आक्रसणं मंदावेल.

घोडबंदर

धागा वाचतोय. ठाण्यात बाहेरून आणलेली जुनी स्पोर्ट्स कार आहे, तिचीही बटणं अशीच. शिवाय पावसाळ्यात सीटवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. इथे काय मिळेल, आणि जुलैत हे काम करावं का?

रंगकाम

आयसोप्रोपिल अल्कोहोल लॅबच्या केमिकलवाल्याकडे मिळतं. लेबलवर ९९ टक्के लिहिलेलं बघून घ्या. लेप काढायचं काम जुलैतही करता येईल, रंगाचं नको. हार्डनरला हवेतलं पाणी चालत नाही: ते पाण्याशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतं, थरात बुडबुडे राहतात आणि मॅट क्लिअरवर दुधाळ झाक येते. उघडलेला हार्डनरचा डबाही कोकणपट्टीच्या हवेत लवकर फुकट जातो, म्हणून छोटा डबा घ्या. ऑक्टोबरनंतर, कोरडी दुपार बघून रंगवा. थांबणं शक्य नसेल तर एसी चालू असलेली पेंटबूथ गाठा.

उसवण

बुरशी गाडीत झटकू नका, बीजाणू कार्पेटमध्ये जातात. अल्कोहोल-पाणी निम्मं-निम्मं, फडकं ओलसर, एकदा पुसलेलं फडकं परत वापरायचं नाही. आधी लपलेल्या जागी बघा, सीटवर मागे कुणी घरगुती रंग मारला असेल तर अल्कोहोलने तो उतरेल. मग दारं उघडी ठेवून पंखा लावा.

खोबरेल तेल लावू नका, कितीही जण सांगोत. ते बुरशीचं खाद्य आहे आणि नंतर रंग धरू देत नाही. उभ्या गाडीत आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहिली पाहिजे. पन्नास रुपयांच्या सिलिका पुड्यांनी पावसाळा निघत नाही, बंद गॅरेज असेल तर डिह्युमिडिफायर लावा. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर टाकणं बंद करा, आणि कार्पेट उचलून खालचा फोम ओला आहे का बघा. बऱ्याचदा पाणी दाराच्या रबरातून किंवा तुंबलेल्या निचऱ्यातून आत आलेलं असतं आणि लोक सीट पुसत बसतात.

बायू_सिटी

क्रम असा ठरवतोय: बटणं स्कॅन, मग जाळ्या आणि आवरण अल्कोहोलने, बोल्स्टरचं कव्हर उघडून फोम, त्यानंतर रंग. डॅशबोर्ड ट्रिमरकडे. फोम कोणत्या घनतेचा घेऊ?

उसवण

क्रम बरोबर. ट्रिमरला डॅशबोर्ड काढावाच लागणार, तेव्हा जाळ्या आणि चौकट तेव्हाच बाहेर येतील. त्या क्लिपा दोनदा उचकू नका, जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं.

फोम घनमीटरला ५० ते ६० किलोचा, सीटसाठीचा पॉलियुरेथेन. सोफ्याच्या पाठीचा मऊ फोम वर्षात बसतो. चिकटवायला पाण्यावर आधारित किंवा फोमचाच स्प्रे गोंद वापरा आणि गोंद फक्त कडेने मारा. मध्ये मारला तर वाळून कडक चकती होते आणि बसल्यावर ती बरगडीला टोचते.